लोणारला जायचं तर पहाटे निघायचं

पहाटे चारला उठून गाडीच्या काचा पुसतो, चाकांतली हवा बघतो, पाण्याचा जार मागे चढवतो. छत्रपती संभाजीनगरहून प्रवासी गाडी चालवायचं माझं काम. वेरूळ, अजिंठा, देवगिरी झालं की बहुतेक पार्ट्या शेवटच्या दिवशी लोणार मागतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, बघायला किती वेळ लागतो?" काठावर उभं राहून फोटो काढायला दहा मिनिटं पुरतात. खाली उतरून पाण्यापाशी जायचं आणि परत वर यायचं तर निम्मा दिवस. मी निम्मा दिवस धरूनच भाडं ठरवतो आणि तसं आधीच सांगून टाकतो. ज्यांना त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणं हवी असतात, त्यांना दुसरी गाडी बघून देतो.

साडेचार. हॉटेलच्या दारात पुण्याचं कुटुंब तयार उभं आहे. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. सगळ्यांच्या पायांत बूट आहेत, कारण आदल्या रात्री फोन करून मी तेवढं एकच बजावलं होतं. सावंगीपाशी समृद्धी महामार्गाला लागतो. नागपूर-शिर्डी हा टप्पा २०२२च्या डिसेंबरात सुरू झाला आणि आमचा लोणारचा दिवसच बदलला. पूर्वी जालन्याच्या गर्दीतून वाट काढत जावं लागायचं. ऊन चढल्यावर पोचायचो. आता सूर्याबरोबर पोचता येतं. रस्ता सरळसोट असल्यामुळे डोळ्यांवर झापड येते, म्हणून शेजारच्या सीटवर गप्पा मारणारा माणूस बसवायचा, ही माझी अट.

साडेसहा. सुलतानपूरला चहा.

सात वाजता आम्ही काठावर. हा काठ भोवतालच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच आहे, त्यामुळे थोडा चढ चढेपर्यंत पुढे काय आहे याचा पत्ता लागत नाही. मग पायांखालची जमीन एकदम संपते. समोर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीची, दीडशे मीटर खोल वाटोळी दरी, उतारांवर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. इथे मी पाच मिनिटं काहीच बोलत नाही. माहिती नंतरही सांगता येते.

नंतर खडक दाखवतो. काठावरचे काळ्या दगडाचे थर नीट बघितले तर ते बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. आकाशातून आलेल्या उल्केनं दणका दिला तेव्हा आडवे पसरलेले थर उचलले गेले, ते तसेच राहिले. हा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. काल वेरूळला कैलास ज्या दगडात कोरलेला पाहिला, तोच हा. बेसॉल्टमधली अशी आघात-विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत आणि लोणार हे त्यांतलं सर्वांत नावाजलेलं. चंद्रावरचे काळपट डागही बेसॉल्टचेच, म्हणून चंद्रावरची विवरं समजून घेणारे शास्त्रज्ञ बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाकडे वळतात. आधी कित्येक वर्षं हे ज्वालामुखीचं तोंड आहे असं मानत. पण इथल्या खडकात जबर धक्क्यानंच तयार होणारी काच सापडली, १९७३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि उल्केची बाजू पक्की झाली. वय मात्र अजून वादात आहे. एक हिशेब ५० हजार वर्षांच्या आसपासचा, दुसरा ५ लाख ७० हजारांचा. मी दोन्ही आकडे सांगतो.

जुन्या स्पीकरमधलं एक चुंबक माझ्याकडे असतं. थोरल्या मुलानं ते धुळीतून फिरवलं तर त्याला काळी बारीक लव उगवली. "उल्केचे तुकडे!" तो ओरडला. मी त्याला सांगितलं, बाळा, हे लोखंड बहुतेक करून आपल्या काळ्या दगडाचंच आहे, घराशेजारच्या टेकडीवरही चिकटेल. खोटी गंमत सांगून पोरांना खूश करणं मला पटत नाही. खरी गोष्ट तिच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. चुंबकावरची धूळ तिथेच झटकली.

आठ. धार नावाच्या झऱ्यावर आलो. गोमुखातून बारमाही पाणी पडतं, पावसाळा असो की मे महिना. आजींचे गुडघे दुखतात, पुढची वाट त्यांना झेपणारी नाही. त्यांना इथे पायऱ्यांवर सावलीत बसवलं, सून सोबत थांबली. निघण्याआधी खिशातून हळद माखलेल्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. एकीवर धारेचं पाणी टाकलं. पट्टी पिवळी ती पिवळीच.

तिथून खाली उतरणारी वाट जुन्या देवळांच्या कडेनं झाडीत शिरते. दगड सुटे आहेत, पाय बघून टाकायचा. वानरं वरून पाहत असतात. एक मोर वाट ओलांडून गेला, पोरं जागच्या जागी थिजली. खाली येऊ तसा वास बदलतो; पाण्यापाशी तो चांगलाच उग्र होतो, शहरातली माणसं नाकाला रुमाल लावतात. काठचा चिखल भुसभुशीत असतो, त्यात पाय घालू द्यायचा नाही. शेकाट्या उथळ पाण्यात लांब लाल पाय टाकत चरत होत्या.

इथे दुसरी पट्टी काढली. धाकट्या मुलीनं सरोवराच्या पाण्याचा थेंब तिच्यावर टाकला आणि पिवळा रंग बघता बघता तांबडा झाला. हे पाणी खारट आहे आणि त्याहून जास्त अल्कधर्मी. मासे सहसा जगत नाहीत, पण शेवाळ आणि सूक्ष्मजीव मजेत वाढतात. २०२०च्या जूनमध्ये सगळं सरोवर गुलाबी झालं ते अशाच मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ही दुसरी जागा. हा खार माणसाच्या कामीही आला आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या 'ऐन-इ-अकबरी'त आहे.

पलीकडे काठावर कमळजा देवीचं देऊळ, तिथेच सासू-सुनेची विहीर. अलीकडे सरोवराचं पाणी चढून देवळापर्यंत आलं, त्यामुळे तिकडची वाट दर खेपेला विचारूनच धरावी लागते. मला याची मनापासून काळजी वाटते. गोडं पाणी खाऱ्यात वाढत गेलं तर सरोवराचा खारेपणाच पातळ होईल, आणि त्या खारेपणावरच इथलं सगळं जगणं उभं आहे.

साडेदहाला चढायला सुरुवात. विवरात वारा शिरत नाही, त्यामुळे डिसेंबरातही घाम फुटतो. माणशी दोन लिटर पाणी लागतंच. धारेवर पोचल्यावर मुलीनं तांबडी पट्टी आजींच्या हातात ठेवली. आजींनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "हे तर कुंकू! आमच्या घरी हळदीत पापडखार घालून असंच करायचे." इतकी वर्षं मी पट्ट्या दाखवतो, पण ही जोड मला कुणी दिली नव्हती. आता पुढच्या प्रत्येक पार्टीला ती सांगणार.

बारा. गावातलं दैत्यसूदन मंदिर. लवणासुराला विष्णूनं इथे मारलं, अशी कथा. बाहेरच्या भिंती कोनाकोनांनी चांदणीसारख्या वळलेल्या, आत मंडपाच्या छतावर पुराणकथा कोरलेल्या. आत अंधार असतो. मोबाइलच्या उजेडावर भागत नाही, म्हणून गाडीत मोठी बॅटरी ठेवतो. ती छताकडे धरून एकेक आकृती ओळखायला पोरांना वेळ द्यावा.

एक वाजता खाणावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. जेवणानंतर सगळे गाडीत झोपतात. झोपू द्यायचं.

साडेतीन. सिंदखेडराजा. याला लोक वाटेतलं गाव समजतात आणि राजवाड्याच्या दारावर फोटो काढून निघतात. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म इथे झाला, त्या दिवशी दरवर्षी इथे अफाट गर्दी लोटते. बाकी दिवसांत गाव निवांत असतं आणि नीट बघता येतं. राजवाडा पाहून मी पार्टीला जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या समाधीकडे नेतो. २०२४ साली या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली, ती बातमी बऱ्याच जणांनी वाचलेली असते.

समाधीपाशी मी एवढंच सांगतो. काल तुम्ही देवगिरी चढलात. त्याच किल्ल्यात १६२९ साली निजामशाही दरबारात लखुजीरावांना दगा झाला. दोन मुलगे आणि एक नातू त्यांच्याबरोबर मारले गेले. जिजाऊंचं माहेर एका दिवसात असं मोडलं. पुढच्याच वर्षी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. ऐकताना थोरला मुलगा कालचे मोबाइलमधले देवगिरीचे फोटो पुन्हा उघडून बसला. किल्ला आधी पाहिलेला असला की ही हकीकत पोचते, म्हणून मी क्रम असाच लावतो.

पाच. मोती तलावाचा दगडी बांध. गावाला पाणी पुरवण्यासाठी जाधवांच्या काळात केलेली ही सोय बघायला फारसं कुणी येत नाही, आणि माझ्या मते राजवाड्याइतकीच ती बघण्यासारखी आहे.

साडेपाचला निघून आठच्या आत हॉटेलवर. गाडी धुतो, किलोमीटर वहीत लिहितो, उद्याच्या पार्टीला बुटांचा फोन करतो.

लोणारला येणाऱ्यांना माझं सांगणं आहे. त्या दिवशी सिंदखेडराजाशिवाय आणखी काही धरू नका. उजाडताना काठावर असा, बूट घाला, पाणी भरपूर घ्या, प्लास्टिक परत आणा. आणि काठावरचा एकही खडा खिशात घालू नका. ही अभयारण्याची हद्द आहे.