दगडाचा पत्ता

फ्लोराइट म्हटले की खनिजसंग्राहकाच्या डोळ्यांपुढे घन उभा राहतो. सहा सपाट बाजू, काटकोनी कडा, रंग जांभळा, हिरवा किंवा पिवळा. इंग्लंडमधल्या वेअरडेल खोऱ्यातल्या रॉजर्ली खाणीचे हिरवे फ्लोराइट तर नुसते उन्हात धरले तरी निळसर-जांभळे दिसू लागते. या गुणाला भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले, तेही याच खनिजावरून. नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळच्या मोहदरीच्या दगडखाणीत सापडलेले फ्लोराइट मात्र या ओळखीत बसत नाही. क्वार्ट्झच्या बारीक, चमकत्या स्फटिकांच्या थरावर पिवळेजर्द अर्धगोल बसलेले असतात. त्यांना ना कोपरा, ना कड. पृष्ठभाग इतका एकसारखा की रंगीत काचेचे थेंब ओतून गार केले असावेत असे वाटते. चाकूच्या पात्याने त्यावर ओरखडा उठतो, कारण फ्लोराइटची कठिणता अवघी चार. खालच्या क्वार्ट्झवर तेच पाते हरते. असा नमुना कुणाच्या दिवाणखान्यात नुसता ठेवलेला असेल तर ती शोभेची वस्तू. पण त्याच्याबरोबर ‘मोहदरी, तालुका सिन्नर’ एवढी चिठ्ठी असेल, तर तोच नमुना अभ्यासकाला प्रश्न विचारायला लावतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये फ्लोराइट दुर्मीळ असताना इथेच ते का साचले? याच खडकांत मुबलक सापडणाऱ्या अपोफिलाइटमध्येही फ्लोरीन असतो. म्हणजे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात फ्लोरीन होताच. मग बहुतेक ठिकाणी तो अपोफिलाइटमध्ये गेला आणि इथे वेगळा का पडला? हे प्रश्न दगडापेक्षा चिठ्ठीतून निघतात. म्हणूनच माझे म्हणणे असे की खनिजसंग्रहात दगडाइतकेच त्याच्या पत्त्याचे मोल आहे, आणि महाराष्ट्र आपले दगड जगाला देताना पत्ता मात्र हरवू देतो आहे.

पत्त्याला एवढे महत्त्व का, हे आपल्या जमिनीचा इतिहास पाहिला की कळते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे कोट्यवधी वर्षे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्यांत स्टिल्बाइट, ह्युलॅन्डाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट असे एकेक खनिज आणून ठेवले. कोणते खनिज कुठे बसेल हे त्या जागेचे तापमान, खोली आणि पाण्यातली द्रव्ये यांवर ठरते. भूशास्त्रज्ञ जॉर्ज वॉकर यांनी १९६० मध्ये पूर्व आइसलँडच्या बेसॉल्टमधल्या झिओलाइटांचे, म्हणजे स्टिल्बाइट, स्कोलेसाइट यांच्या गटातल्या खनिजांचे, पट्टे नकाशावर मांडले आणि त्यांवरून लाव्ह्याचे थर मुळात किती उंच होते, त्यांतले किती झिजून गेले याचा अंदाज बांधला. पोकळीतला पांढरा खडा नाहीशा झालेल्या डोंगराची उंची सांगू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले आर. एन. सुखेश्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारताच्या बेसॉल्टमध्ये लॉमोंटाइट, स्कोलेसाइट आणि ह्युलॅन्डाइट असे पट्टे मांडले. हे काम नमुना नेमका कुठला हे माहीत असल्याखेरीज झालेच नसते. जुन्या युरोपीय संग्रहांत कितीतरी सुंदर तुकड्यांवर नुसते ‘पूना’ किंवा ‘बॉम्बे’ लिहिलेले असते. त्यांतला कोणता खरोखर पुण्याचा, कोणता नाशिकचा आणि कोणता जळगावचा, हे आज छातीठोकपणे कोण सांगणार? अशा तुकड्यांना वॉकर यांच्यासारख्या नकाशात जागा नाही.

पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो हलका नाही. निसर्गाने कोट्यवधी वर्षांत घडवलेली वस्तू उचलून कपाटात ठेवणे हीच मुळात लूट नाही का? झाड पुन्हा उगवते, स्फटिक उगवत नाही. नैसर्गिक कड्यावरच्या, गुहेतल्या स्फटिकांबाबत मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. आइसलँडने झिओलाइटांसाठी प्रसिद्ध असलेले टायगारहोर्न १९७६ मध्ये संरक्षित केले, ते योग्यच झाले. पण महाराष्ट्रातले बहुतेक नमुने कड्यावरून खुडलेले नसतात. ते दगडखाणीतून, विहिरीतून आणि रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगरातून येतात. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेमार्ग खोदताना निघालेली खनिजे युरोपातल्या संग्रहांत पोहोचली. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला २००१ मध्ये विहीर खोदताना निघालेले हिरवे अपोफिलाइट आज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. संग्राहक आला नसता तर बोरघाट फुटायचा राहिला नसता आणि विहीरही खोदायची राहिली नसती. खाणीत सुरुंग उडाला की उघडी पडलेली पोकळी एक तर कुणाच्या तरी हाती लागते किंवा पोकलेनच्या बकेटमधून थेट क्रशरमध्ये जाते. तिथे निळा स्फटिक आणि काळा दगड यांची एकच खडी होते आणि ती ब्रासच्या हिशेबाने विकली जाते. अशा ठिकाणी गोळा करणे हाच वाचवण्याचा एकमेव मार्ग उरतो, आणि त्यासाठीही वेळ फार थोडा मिळतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. व्यापार आला की लबाडी आली. यातही तथ्य आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींचे उदाहरण घ्या. कॅव्हन्साइट हे कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचे सिलिकेट अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडले. १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले ते तिथल्या चिमुकल्या स्फटिकांवरून. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीत पांढऱ्या स्टिल्बाइटवर गर्द निळे, काटेरी गेंद निघू लागले आणि या दुर्मीळ खनिजाची सगळ्यांत नावाजलेली जागा पुणे जिल्ह्यात आली. त्याच परिसरात पेंटॅगोनाइटही मिळाले. दोन्हींचे रासायनिक सूत्र एक, अणूंची मांडणी निराळी. मागणी वाढली तसे निळे गेंद गोंदाने दुसऱ्याच दगडावर चिकटवून विकणारेही निघाले. शिवाय, स्पर्धकाला सुगावा लागू नये म्हणून खरी खाण लपवून भलतेच गाव सांगणे ही या धंद्यातली जुनी खोड आहे. तरीही व्यापार बंद करा असे मी म्हणणार नाही. पोकळी दिसल्यावर हातातली घण-पहार थांबवणारा माणूस खाणकामगार असतो, आणि तो थांबतो कारण त्या तुकड्याचे चार पैसे मिळतील हे त्याला कळलेले असते. तो मोबदला नसता तर वाघोलीचा निळा रंगही खडीत गेला असता. लबाडीवर उपाय पैसा थांबवणे हा नव्हे. ज्या तुकड्याचा पत्ता पक्का त्याला जास्त भाव, असा आग्रह घेणाऱ्यांनी धरला तर पत्ता लपवण्यातला फायदाच संपतो. आणि हा आग्रह कायद्यापेक्षा लवकर लागू पडेल, असे मला वाटते.

राहिली उत्तमोत्तम नमुने परदेशी गेल्याची खंत. ती खरी आहे, पण नमुना कुठे ठेवला यापेक्षा कसा ठेवला याने जास्त फरक पडतो. इंग्लंडच्या सर आर्थर रसेल यांनी बंद पडत चाललेल्या ब्रिटिश खाणींतून आयुष्यभर हजारो नमुने जमवले आणि त्यांच्या ठावठिकाण्याच्या नोंदी काटेकोर ठेवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर तो संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला. त्या खाणी आज राहिल्या नाहीत, तरी त्यांच्याबद्दल प्रश्न विचारता येतात ते या नोंदींमुळे. आपल्याकडे नौदलातून बाहेर पडलेल्या के. सी. पांडे यांनी सिन्नरला ‘गारगोटी’ संग्रहालय उभे केले आणि दख्खनची खनिजे दख्खनमध्येच पाहण्याची सोय झाली. एका माणसाच्या जिद्दीवर हे झाले. सबंध राज्याचे काम त्यावर भागणार नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळे आणि भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात खनिजांचाही विचार आहे. पण हाताशी लागलेल्या तुकड्याची नोंद करायला मसुद्याचा कायदा होण्याची वाट पाहायचे कारण नाही. पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांनी आपापल्या परिसरातल्या खाणींशी बोलून प्रत्येक पोकळीतला निदान एक नमुना पत्त्यासह मागून घ्यावा. शोभेचे तुकडे व्यापाऱ्याने खुशाल न्यावेत. कडा मोडलेला, बाजारात न खपणारा तुकडाही अभ्यासाला पुरतो.

वाचकांपैकी कुणाच्या शेतात विहीर खोदताना, घराचा पाया घेताना किंवा गावच्या खाणीत अशी पोकळी उघडली, तर स्फटिक धुवायच्या आधी एका कागदावर गाव, तालुका, गट क्रमांक, जमिनीपासूनची खोली आणि तारीख लिहा, आणि तो कागद त्या दगडाबरोबरच बांधून ठेवा.