मागची वर्षं विचारा

नैराश्याचा रुग्ण आणि बायपोलर विकाराच्या नैराश्यातला रुग्ण शेजारी शेजारी बसवले, तर अनुभवी मनोविकारतज्ज्ञालाही नुसतं पाहून त्यांच्यातला फरक सांगता येणार नाही. दोघांचंही कशात मन लागत नाही. दोघांचीही झोप पहाटेच मोडते, नाहीतर दिवस डोक्यावर आला तरी अंथरूण सुटत नाही. जेवण बेचव लागतं, आंघोळीला उठणंसुद्धा जिवावर येतं, आणि आपण घराला भार झालो आहोत हा विचार पाठ सोडत नाही. या दोन आजारांना वेगळं करणारी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा स्कॅनही नाही. फरक दडलेला असतो रुग्णाच्या मागच्या वर्षांत. ती वर्षं कुणीतरी विचारावी लागतात, आणि आपल्याकडे ती पुरेशी विचारली जात नाहीत, म्हणून हा लेख.

आधी नैराश्य. आयुष्यात दुःख सगळ्यांनाच होतं आणि ते औषधाशिवाय ओसरतं. नैराश्याचं निदान करताना डॉक्टर पाहतात ते असं: मन सतत उदास आहे का, किंवा आवडीच्या गोष्टींतलाही रस गेला आहे का. या दोनपैकी एक तरी हवंच. त्याबरोबर झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींतला मंदपणा किंवा अस्वस्थता, अपराधीपणा, मरणाचे विचार यांतली काही, मिळून किमान पाच लक्षणं, सलग दोन आठवडे, आणि रोजचं जगणं अडून बसलेलं. आपल्याकडे ‘मी उदास आहे’ असं सांगत फार थोडे लोक दवाखान्यात येतात. डोकं जड झालंय, अंग मोडून येतंय, छातीत धडधडतंय, हातापायांत त्राण नाही, फार टेन्शन आहे, अशा तक्रारी असतात. त्यावर टॉनिक आणि सलाइन मिळतं आणि महिने निघून जातात. थायरॉइड मंदावल्यानेही माणूस असाच कोमेजतो, बी-१२ कमी पडल्यानेही. म्हणून या दोन तपासण्या आधी करून घ्याव्यात. त्या ठीक निघाल्या तर मात्र ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही’ असं म्हणून रुग्णाला घरी पाठवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

बायपोलर विकारात बहुतेकांना हे सगळं भोगावं लागतं, आणि आयुष्यात केव्हातरी याच्या नेमकं उलट घडलेलं असतं. तीन तासांची झोप पुरते आणि सकाळी माणूस टवटवीत. बोलणं इतकं वेगात की ऐकणाऱ्याला मध्ये शिरायला जागा मिळत नाही. एक विचार संपायच्या आत दुसरा. पगार हाती पडण्याआधीच खर्च, जेमतेम ओळखीच्या माणसाला उसने पैसे, मध्यरात्री नातेवाइकांना फोन, धंद्याच्या अफाट योजना, आणि कुणी अडवलं तर भडका. लैंगिक इच्छा वाढते, भीड चेपते. काहींना आपल्याला दैवी शक्ती लाभल्याची किंवा देश आपल्याच सल्ल्याची वाट पाहत असल्याची खात्री वाटू लागते. आठवडाभर किंवा अधिक काळ टिकलेली, किंवा रुग्णालयात भरती करावी लागेल इतकी तीव्र अशी ही अवस्था म्हणजे उन्माद, मॅनिया. ती एकदा जरी आली तरी निदान होतं बायपोलर, पहिला प्रकार. तशीच पण सौम्य, किमान चार दिवस टिकणारी, काम पूर्ण न मोडणारी अवस्था म्हणजे हायपोमेनिया. ती आणि गंभीर नैराश्य मिळून होतो दुसरा प्रकार.

घरच्यांना आजार म्हणून दिसतो तो तीव्र उन्माद, कारण तिथे शेजारीपाजारी गोळा होतात. सौम्य उन्मादाची नोंद घरात आजार म्हणून होतच नाही. मुलगी रात्र रात्र जागून अभ्यास करते, चार क्लास एकदम लावते, तेव्हा घर खूश असतं. मुलाने कर्ज काढून दुकान थाटलं आणि दोन महिन्यांत ते बंद पडलं, तर त्याला उडाणटप्पू म्हणतात. एखादी सून पैसा उधळू लागली किंवा परक्यांशी एकदम मोकळी वागू लागली, तर तिच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जातं. कुठे अंगात आलं म्हणून देवऋष्याकडे नेलं जातं. घराच्या आठवणीत हे सगळं ‘तेव्हा किती हुशार होती’, ‘तेव्हा फार वाया गेला होता’ अशा खात्यांवर जमा होतं. पुढे चार-पाच वर्षांनी तोच मुलगा किंवा तीच मुलगी उदास होऊन दवाखान्यात जाते, तेव्हा या गोष्टी सांगायच्या असतात हे कुणाच्या मनातही येत नाही.

हल्ली सकाळी हसणाऱ्या आणि दुपारी चिडणाऱ्या सहकाऱ्याला सर्रास ‘बायपोलर’ म्हटलं जातं. तासातासाला बदलणारा मूड म्हणजे हा आजार नव्हे. इथले टप्पे दिवसांचे, आठवड्यांचे, कधी महिन्यांचे असतात आणि मधल्या काळात माणूस अनेकदा पूर्ण बरा असतो. थट्टेत वापरलेल्या या नावामुळे खरा रुग्ण आपलं निदान लपवू लागतो, म्हणून मला ही थट्टा खटकते.

दोन्ही अवस्था एकाच आजाराच्या आहेत हे १८५४ साली पॅरिसमध्ये फालरे आणि बायार्जे या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मांडलं. पुढे जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी १८९९च्या पाठ्यपुस्तकात मनःस्थितीचे बहुतेक सगळे आजार ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ या एकाच छत्राखाली आणले. पुन्हा पुन्हा येणारं नुसतं नैराश्यही त्यातच. हे छत्र मोडलं कार्ल लिओनहार्ड यांनी, १९५७ साली. ज्यांना फक्त नैराश्य येतं आणि ज्यांना दोन्ही टोकं गाठावी लागतात, त्यांच्या कुटुंबांचा इतिहास वेगळा असतो, हे त्यांनी दाखवलं. १९६६मध्ये स्वित्झर्लंडचे ज्यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनचे कार्लो पेरिस यांच्या अभ्यासांनी त्याला पुष्टी दिली. आनुवंशिकतेचे नंतरचे आकडेही तेच सांगतात: जुळ्यांच्या अभ्यासांत नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास येतो, बायपोलरमध्ये तो साठ टक्क्यांच्या वर जातो. नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं. बायपोलर दोघांत साधारण सारखाच. या दुसऱ्या आजाराची सुरुवात बहुधा विशीच्या आगेमागे होते, म्हणजे नेमकी कॉलेजच्या, पहिल्या नोकरीच्या, लग्न ठरण्याच्या वयात.

तरीही निदान चुकतं, कारण बायपोलरचा रुग्ण आयुष्यातला आजारी काळ बहुतेक नैराश्यातच काढतो. अमेरिकेत लुइस जड आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचा सरासरी तेरा वर्षांच्या आसपास पाठपुरावा केला. पहिल्या प्रकारच्या रुग्णांचे सुमारे ३२ टक्के आठवडे नैराश्याच्या लक्षणांत गेले आणि जेमतेम ९ टक्के उन्मादाच्या. दुसऱ्या प्रकारात नैराश्याचे आठवडे ५० टक्के होते, हायपोमेनियाचे एक टक्क्याच्या थोडे वर. शिवाय हायपोमेनियात कुणी डॉक्टरकडे जात नाही. तेव्हा तर बरं वाटत असतं. तिथल्याच रुग्णांच्या संघटनेने २००० साली केलेल्या पाहणीत ६९ टक्के बायपोलर रुग्णांनी सांगितलं की आपलं पहिलं निदान चुकलं होतं, आणि सर्वाधिक वेळा ते नैराश्याचं होतं. एक तृतीयांशाहून अधिक लोकांना बरोबर निदानासाठी दहा किंवा अधिक वर्षं थांबावं लागलं होतं. विशी ते तिशीतली दहा वर्षं म्हणजे शिक्षण, नोकरी, संसार, सगळंच.

या चुकीची किंमत औषधात मोजावी लागते. नैराश्यावरच्या गोळ्या साध्या नैराश्यात उपयोगी पडतात. बायपोलर असलेल्याला, विशेषतः पहिल्या प्रकारात, त्या एकट्याच दिल्या तर काहींना उन्माद चढतो, काहींच्या टप्प्यांची वारंवारता वाढते. म्हणून तिथे आधी मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध लागतं: लिथियम, व्हॅलप्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन. यांतलं व्हॅलप्रोएट गर्भाला गंभीर अपाय करू शकतं. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते देताना ही गोष्ट तिला स्पष्ट सांगायलाच हवी. आणि चालू गोळी लेख वाचून कुणी बंद करू नये. शंका असेल तर ती डॉक्टरांसमोर मांडावी.

लिथियमची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी. ऑस्ट्रेलियाचे जॉन केड दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या ताब्यात, सिंगापूरच्या चांगी छावणीत, कैदी होते. परतल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या मनोरुग्णालयात त्यांनी प्रयोग सुरू केले. उन्मादाच्या रुग्णांच्या शरीरात एखादं विष तयार होत असावं, असा त्यांचा अंदाज. त्यासाठी ते रुग्णांची लघवी गिनीपिगना टोचत. युरिक आम्ल पाण्यात विरघळावं म्हणून त्यांनी त्याचा लिथियमचा क्षार वापरला, तर गिनीपिग शांत झाले. अंदाज चुकीचा होता, निरीक्षण मात्र खरं होतं. केड यांनी लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग उन्मादाच्या दहा रुग्णांना दिलं आणि १९४९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षं वॉर्डात अडकलेला पहिला रुग्ण बरा होऊन कामावर गेला. पुढे त्याने औषध सोडलं, आजार उलटला, आणि १९५०मध्ये लिथियमच्याच विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. रक्तातलं प्रमाण मोजण्याची सोय तेव्हा रुळलेली नव्हती. डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी १९५४पासून काटेकोर चाचण्या केल्या, आणि अमेरिकेने मान्यता दिली ती १९७०मध्ये. पेटंट घेता न येणारा, निसर्गात सापडणारा क्षार. त्याची जाहिरात करण्यात कुठल्याही कंपनीला रस नव्हता. आजही हे औषध स्वस्त आहे, भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याच्याइतका भक्कम पुरावा या आजारातल्या दुसऱ्या औषधाकडे नाही. मात्र रक्तातलं प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल राखावं लागतं, थायरॉइड आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागतं. विदर्भातल्या मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं, जुलाब-उलट्या झाल्या किंवा मनाने आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तरी ते प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. हात जोरात थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला, तर उशीर न करता डॉक्टर गाठावेत. लिथियम घेणाऱ्या प्रत्येक घराला हे तोंडपाठ हवं.

भारतातलं चित्र काय? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. आयुष्यात कधीतरी नैराश्य येऊन गेलेले प्रौढ सव्वापाच टक्के होते, बायपोलरचे अर्धा टक्का. नैराश्याच्या ८५ टक्के आणि बायपोलरच्या ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मानायला जागा नाही.

नैराश्याच्या बाबतीत तरी आपल्याच भागातून आशेची वाट निघाली आहे. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांचा उपचार देऊन पाहिला. रुग्णाने टाळलेली छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करणं हा त्याचा गाभा. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी गाजलेल्या त्याच जिल्ह्यात. बायपोलरला मात्र अशी वाट पुरत नाही. तिथे मनोविकारतज्ज्ञ लागतो, रक्ततपासणी लागते, वर्षानुवर्षं औषध लागतं. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच. म्हणून गावातल्या समुपदेशकाने आणि आशाताईंनी उदास रुग्णाला एक जादा प्रश्न विचारायला शिकणं फार मोलाचं आहे: कमी झोपूनही अंगात भलतीच शक्ती आहे, डोकं सुसाट चाललंय, असे काही दिवस कधी गेले होते का? २०२२पासून चालू असलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं; मरणाचे विचार येत असतील तर त्याच क्षणी बोलावं.

आणखी काही खुणा प्रश्न विचारायला भाग पाडतात. नैराश्य विशीच्या आतच सुरू झालं. ते पुन्हा पुन्हा येतं. आई, काका किंवा मामाला असा आजार होता, कुणी आत्महत्या केली होती. नैराश्याची गोळी सुरू करताच माणूस एकदम उसळला. आणि बाळंतपण: प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बायपोलर उफाळण्याचा धोका आयुष्यातल्या इतर कुठल्याही काळापेक्षा मोठा असतो. बाळंतीण झोपत नाही, असंबद्ध बोलते, बाळाबद्दल विचित्र काही सांगते, तर तो तातडीचा वैद्यकीय प्रसंग आहे.

झोप इथे औषधाइतकी महत्त्वाची. रात्रीची जागरणं उन्मादाला निमित्त होतात. गणपतीतली, नवरात्रातली, लग्नघरातली जागरणं रुग्णाने टाळली, रात्रपाळी नाकारली, तर घराने त्याच्या मागे उभं राहावं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ने नैराश्याला मराठी घरात आणलं, २०१६चं सुवर्णकमळही मिळवलं. उन्मादाबद्दल इतक्या समजुतीने बोलणारा मराठी चित्रपट अजून व्हायचा आहे. ‘जॉन्स हॉपकिन्स’च्या मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन यांनी या आजारावरचा प्रमाणग्रंथ सहलेखक म्हणून सिद्ध केला आणि मग १९९५च्या आत्मकथनात आपल्यालाच तो आजार असल्याचं उघड केलं. लिथियम आपल्याला हवं आहे हे पटायला त्यांनाही वर्षं लागली. उन्मादातलं तेज कुणालाच सहज सोडवत नाही. गोळ्या सोडणाऱ्या रुग्णावर ओरडण्याआधी घरच्यांनी हे समजून घ्यावं.

घरच्यांच्या आठवणीवर मी इथे इतका भर दिला, पण तिचा त्रासही होतो. बरा झालेला माणूस जरा जोरात हसला, नवी साडी किंवा मोबाइल घेतला, की घर दचकतं. त्याचा प्रत्येक आनंद तपासला जातो. यावर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात एक तरतूद आहे, तिची माहिती फार थोड्यांना असते. बरं असताना माणूस लेखी आगाऊ निर्देश देऊ शकतो: पुढचा टप्पा आला तर माझ्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, आणि माझ्या वतीने कोणी बोलावं. ‘चार रात्री मी कमी झोपलो तर डॉक्टरांना फोन करा, त्याआधी मला हसू द्या’ असा घरगुती करार तर कायद्याशिवायही होऊ शकतो. तो लिहायला बसायची वेळ म्हणजे दोन टप्प्यांमधले ते बरे महिने, आणि त्यातला शब्द रुग्णाचा असायला हवा.