वेबसाइटचं फीड: दोन ओळींत गिऱ्हाईक आत कसं आणायचं?



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाची वेबसाइट कशी उभी करायची ते बघितलं. आज त्याच्या पुढची गोष्ट: तिथे लिहिलेलं लोकांपर्यंत पोचवायचं कसं? सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

आमचं भांड्यांचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीआधी मी बिडाचे तवे आणि लोखंडी कढया भरपूर उचलल्या. वेबसाइटवर दर आठवड्याला एक लेख टाकायचे. मेहनत घेऊन लिहायचे, पण वाचायला कोणी येईना. माल गोडाऊनमध्ये पडून, आणि व्यापाऱ्याचे पैसे तर वेळेवर द्यायचेच होते.

एक दिवस नेहमीच्या एक ताई आल्या. त्यांच्या फोनवर फीड वाचायचं अ‍ॅप होतं. "तुझे लेख येतात गं मला, पण उघडावेसेच वाटत नाहीत," असं म्हणून त्यांनी यादी दाखवली. वेगवेगळ्या वेबसाइटच्या रेसिपी, टिप्स, आणि मध्येच माझा मथळा: "उपयुक्त माहिती – भाग 4". कसली माहिती? कुणासाठी? मीसुद्धा उघडला नसता!

फीड म्हणजे नेमकं काय?

तुम्ही नवीन लेख टाकला की त्याचा मथळा, लिंक आणि थोडक्यात मजकूर एका फाइलमध्ये आपोआप जातो. तेच फीड. वाचकाचं अ‍ॅप ती फाइल अधूनमधून तपासतं आणि नवीन लेख यादीत दाखवतं. आरएसएस हे तंत्र 1999 मध्ये नेटस्केप कंपनीने आणलं. गूगल रीडर 2013 मध्ये बंद झालं तेव्हा लोक म्हणाले, संपलं आता. पण आजही पॉडकास्ट याच तंत्रावर पोचतात, आणि नवीन लेखाचा ईमेल आपोआप पाठवणाऱ्या सेवाही फीडच वापरतात.

लक्षात घ्या, त्या यादीत तुमचा लोगो, रंग, सजावट यातलं जवळपास काहीच दिसत नाही. मथळा आणि पहिल्या एक-दोन ओळी, बस्स. जे काम करायचं ते तिथेच.

1. मथळा एकटा वाचला तरी कळला पाहिजे. "नवीन माल आला" यातून काहीच कळत नाही. "नवीन बिडाच्या तव्याला डोसा चिकटतो? आधी हे करा" यात वस्तू आहे, अडचण आहे आणि उपायाची खात्री आहे. महत्त्वाचा शब्द सुरुवातीला घ्या, कारण लांब मथळा फोनवर मध्येच कापला जातो.

2. पहिल्या ओळीत नमस्कार-चमत्कार नको. वर्डप्रेसमध्ये तुम्ही सारांश स्वतः लिहिला नाही, तर लेखाचे पहिले 55 शब्द सारांश म्हणून घेतले जातात. त्यातले तीस शब्द "आमच्या वेबसाइटवर आपलं सहर्ष स्वागत" यात गेले तर उरलं काय? 'एक्सर्प्ट' नावाचा रकाना असतो, तो दर वेळी हाताने भरा.

3. पूर्ण लेख द्यायचा की सारांश? वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय आहेत. पूर्ण लेख दिला तर वाचक अ‍ॅपमध्येच वाचून मोकळा होतो. आपल्याला तो दुकानापर्यंत आणायचाय, म्हणून मी सारांश देते. पण सारांशातही एक कामाची गोष्ट देऊनच टाका. नुसतं "अधिक वाचा" म्हणून ताटकळत ठेवलं की माणूस वैतागतो.

4. खोटी हाक मारू नका. "विश्वास बसणार नाही!" असा मथळा आणि आत साधी जाहिरात, हे एकदाच चालतं. फीड बंद करायला एक बटण पुरतं, आणि गेलेलं गिऱ्हाईक सांगून जात नाही. ऑफर असेल तर शेवटची तारीख मथळ्यातच लिहा.

5. टाकण्याआधी मोठ्याने वाचा. नंतर चूक सुधारली तरी काही अ‍ॅपमध्ये जुनाच मथळा राहतो.

मी पुढचा लेख याच पद्धतीने टाकला. जादू झाली नाही, सगळा माल काही दिवाळीत गेला नाही. शेवटचे तवे संक्रांतीला संपले. पण "तो तव्याचा लेख वाचला, तसाच तवा दाखवा" म्हणत माणसं दुकानात यायला लागली. हे वाक्य आधी कधी ऐकलं नव्हतं.

आजचा गृहपाठ: फीड वाचायचं एखादं अ‍ॅप घ्या आणि त्यात स्वतःचीच वेबसाइट जोडा. शेवटचे दहा मथळे गिऱ्हाईक होऊन वाचा. जो उघडावासा वाटणार नाही, तो वहीत नव्याने लिहून काढा आणि पुढच्या लेखाला तसाच मथळा द्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या!