लांबची वाट, जवळची वेळ

दोस्तांनो, शाळेत पृथ्वीचा गोल आहे ना? मग एक दोरा घ्या. त्याचं एक टोक दिल्लीवर धरा, दुसरं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. कुठून गेला? तिबेट, सैबेरिया ओलांडून चक्क आर्क्टिक महासागरावरून! भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कळायचंच नाही. हा दोरा म्हणजे दोन विमानतळांमधलं सगळ्यांत कमी अंतर : सुमारे १२,४०० किलोमीटर.

पण विमान काही या दोऱ्यावरून जात नाही. तिबेटचं पठारच मुळी साडेचार हजार मीटर उंच. विमानातला हवेचा दाब अचानक कमी झाला, तर वैमानिकाला झटकन तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं. तिथे डोंगरच असेल तर यायचं कुठे? म्हणून वाट वाकडी करावी लागते.

एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिक महासागर ओलांडून जायचं. अंतर १३,९०० किलोमीटर, वेळ साधारण साडेसोळा तास. ऑक्टोबर २०१६मध्ये त्याने एकदम उलटी दिशा धरली. पूर्वेकडे, पॅसिफिकवरून! ही वाट १५,३०० किलोमीटरची, म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटर जास्त. आणि वेळ? साधारण साडेचौदा तास!

विश्वास नाही बसत? भागाकार करून बघा. पहिल्या वाटेवर सरासरी वेग ताशी ८४२ किलोमीटर, दुसऱ्या वाटेवर १,०५५. विमानाची इंजिनं तीच. मग त्याला पुढे ढकललं कुणी?

वाऱ्याने. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात जपानच्या आसपास त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. विमान त्यात शिरलं की नदीच्या धारेला लागलेल्या होडीसारखं पळतं. जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे १९२०च्या दशकातच मोजले होते. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल लिहिला तो एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत. ती वाचणारे होतेच किती! एवढा मोठा शोध बरीच वर्षं तसाच पडून राहिला.

कुणी म्हणेल, ‘पृथ्वी फिरते, म्हणून शहर जवळ येतं.’ छे! पृथ्वी फिरते पूर्वेकडे. तसं असतं तर पूर्वेचं शहर आपल्यापासून पळालं नसतं का? हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते, बरं का.

दोन तास वाचले म्हणजे दोन तासांचं इंधन वाचलं. शिवाय या वाटेवर आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते, तिची गंमत वेगळीच. समजा, विमान ऑक्टोबरातल्या एका रविवारी पहाटे ४ वाजता दिल्लीहून निघालं. साडेचौदा तासांनी ते उतरलं, तेव्हा तिथे वाजले असतील त्याच रविवारचे सकाळचे ६!

आता एक काम तुमच्यासाठी. हेच विमान दिल्लीला परत आणायचं आहे. आल्या वाटेने आणलं, तर तोच वारा समोरून नाकावर आदळणार. तुम्ही वैमानिक असतात, तर गोलावर दोरा कुठून फिरवला असता?