छळाचा आरोप आणि कंत्राटदाराची सुरक्षा-मंजुरी : काही शब्दांचा विचार

प्रस्तुत विषय वरवर पाहता विधिशास्त्राचा आहे. परंतु त्यातील पुष्कळसा गोंधळ शब्दांतून उत्पन्न होत असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे अप्रस्तुत होणार नाही. गोंदिया जिल्ह्यात बिरसी येथे विमानतळ आहे आणि तिरोडा येथे ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा ठिकाणी साफसफाई, दुरुस्ती, मालवाहतूक इत्यादी कामे कंत्राटदारामार्फत करून घेतली जातात. या भागात त्याला बहुधा ठेकेदार म्हणतात. त्याच्यावर किंवा त्याच्या माणसावर छळाचा आरोप झाला, तर त्याच्या प्रवेशाचे काय होते, हा प्रश्न आहे.

प्रथम ‘छळ’ हा शब्द घेऊ. मराठीत त्याचा व्याप मोठा आहे. विवाहितेचा छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ चा विषय. लैंगिक छळ हा त्याच संहितेच्या कलम ७५ चा. आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासाठी २०१३ चा स्वतंत्र अधिनियम आहे. मुकादमाने मजुरास घालूनपाडून बोलणे यासही आपण छळच म्हणतो. तेव्हा ‘त्याच्यावर छळाची तक्रार आहे’ एवढ्या वाक्यावरून ती तक्रार सासरची की कामावरची, पोलिसांकडे केलेली की समितीकडे, यांपैकी काहीच कळत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने मात्र हा भेद निर्णायक ठरू शकतो.

२०१३ च्या अधिनियमाखालील तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. आस्थापनेत दहापेक्षा कमी कामगार असल्यास, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. लहान ठेकेदाराच्या बाबतीत हा दुसरा मार्गच लागू पडण्याचा संभव अधिक. कंत्राटदारामार्फत नेमलेली स्त्रीही या अधिनियमाच्या अर्थाने कर्मचारीच होय. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावयाची असते आणि तिचा तपशील व संबंधितांची नावे लोकांत किंवा वृत्तपत्रांत प्रकट करण्यास कलम १६ ची मनाई आहे. ही चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून मिळणारे चारित्र्य-पडताळणीचे प्रमाणपत्र पोलिसांकडील नोंदींवर आधारलेले असते; निव्वळ समितीपुढील तक्रार त्या नोंदींत येत नाही. ज्या अर्जात खात्याच्या चौकशीबद्दल स्वतंत्र प्रश्न असेल, तेथे अर्थातच ती सांगावी लागते.

पोलिसांकडे तक्रार गेली म्हणजे दुसरा शब्द आडवा येतो. ‘गुन्हा दाखल झाला’ हा आपल्या वृत्तपत्रांचा रोजचा प्रयोग. त्याचा अर्थ एवढाच की, गुन्हा घडल्याची खबर नोंदली गेली. परंतु ‘गुन्हा’ हे नाम सिद्ध झालेल्या कृत्यासही लागत असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात निर्णय आधीच होऊन जातो. खबर, अटक, आरोपपत्र, खटला आणि दोषसिद्धी या पाच निरनिराळ्या अवस्था आहेत. ‘केस’ या आयात शब्दाने तर त्या सर्वांचे एकच गाठोडे केले आहे. ‘त्याच्यावर केस आहे’ म्हणजे ठाण्यात की न्यायालयात? शेजारच्या बालाघाटकडील हिंदीतला ‘मामला’ हाही याच जातीचा. जिल्ह्यात पोवारी, गोंडी, छत्तीसगढी बोलणारे अनेक आहेत, आणि पडताळणीचा नमुना त्यांच्यापुढे येतो तो त्यांच्या घरच्या भाषेत नव्हे.

केंद्र सरकारच्या नोकरीसाठी भरावयाच्या साक्षांकन-पत्रात ही क्रियापदे सुटी सुटी विचारलेली असतात : अटक झाली होती काय, खटला भरला होता काय, स्थानबद्ध केले होते काय, दंड झाला काय, दोषी ठरविले काय, न्यायालयात प्रकरण प्रलंबित आहे काय. ज्याला अटक होऊन जामीन मिळाला परंतु आरोपपत्र अद्याप गेलेले नाही, त्याचे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आणि शेवटच्याचे ‘नाही’ असू शकते. मुकादमाने सर्व रकान्यांत ‘नाही’ लिहून खाली अंगठा घेतला, तर आरोपाहून मोठा दोष तेथेच निर्माण होतो : माहिती दडविल्याचा.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २१ जुलै २०१६ चा अवतार सिंग खटल्यातील निर्णय महत्त्वाचा आहे. दिलेली माहिती खरी असली पाहिजे; खरे सांगितले तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा नेमणूक करणाऱ्याचा अधिकार कायम राहतो; तथापि नमुन्यातील प्रश्न मोघम नसून नेमके असले पाहिजेत, आणि जे नेमके विचारले तेवढेच सांगणे आवश्यक, असे त्यात म्हटले आहे. एखादी गोष्ट दडविली असे ठरविण्यापूर्वी ती त्या माणसास ठाऊक होती असे दिसले पाहिजे, हेही त्यात आहे. हा निर्णय नोकरीविषयी आहे. कंत्राटदाराच्या प्रवेशपत्रास तो जसाच्या तसा लागू होईल असे म्हणता येत नाही. तेथे कराराच्या अटी आणि परवाना देणाऱ्याचा विवेक यांना अधिक वाव असतो. तरीही प्रश्न नेमका असावा हे तत्त्व तेथेही तितकेच समर्थनीय वाटते.

व्यक्तीचे प्रवेशपत्र आणि कंपनीची सुरक्षा-मंजुरी यांत गल्लत होऊ नये. मंजुरीचा विचार राष्ट्रीय सुरक्षेच्या अंगाने होतो. १५ मे २०२५ रोजी नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोने सेलेबी या कंपनीची मंजुरी रद्द केली, आणि ७ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. अशा प्रसंगी सुनावणीचा हक्क संकुचित होतो. एका पर्यवेक्षकावरील छळाच्या आरोपाने सबंध कंपनीची मंजुरी जावी, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. करारभंगाचा प्रश्न मात्र उद्भवू शकतो.

व्यवहारात एक सोपी वाट अवलंबिली जाण्याचा धोका असतो. तक्रार येताच ठेकेदार त्या माणसास फाटकाबाहेर काढतो आणि प्रकरण संपले असे मानतो. यात आरोपिताला आपले म्हणणे मांडावयास मिळत नाही, आणि तक्रार करणाऱ्या स्त्रीलाही निष्कर्ष मिळत नाही. तो माणूस दुसऱ्या ठेकेदाराकडे कोऱ्या पाटीने रुजू होतो. चौकशी चालू असता अधिनियमाने सुचविलेली बदली ही तात्पुरती व्यवस्था आहे, शिक्षा नव्हे; ‘काढून टाकले’ या क्रियापदात हा भेद उरत नाही.

म्हणून मराठी नमुन्यात ‘केस आहे काय’ असे न विचारता पुढीलप्रमाणे विचारावे : ‘आपल्याविरुद्ध कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर नोंदली गेल्याचे आपणांस माहीत आहे काय? आपणांस अटक झाली होती काय? न्यायालयात आरोपपत्र दाखल आहे काय? त्याचा निकाल काय लागला?’ आणि खाली, हे प्रश्न अर्जदारास कोणत्या भाषेत वाचून दाखविले, याचा एक रकाना ठेवावा.