बोटोक्स घेताय? आधी कॅलेंडर बघा

डिसेंबर उजाडला की चेन्नईत मार्गळीचा सीझन सुरू होतो. मैलापूरच्या सभांमध्ये संध्याकाळी गर्दी, जानेवारीच्या सुरुवातीला म्युझिक अकादमीचा नृत्य महोत्सव. मार्गळीत तमिळ घरांमध्ये लग्ने होत नाहीत, त्यामुळे पोंगल झाला की तै महिन्यात सगळी लग्नसराई एकदम अंगावर येते. चेहरा ताजातवाना दिसावा असे वाटण्याचे हेच दिवस. मग ‘लग्नाच्या दोन दिवस आधी बोटोक्स घेऊन टाकू’ असे कुणीतरी सुचवते. असे अजिबात करू नका. का, ते समजायला हे इंजेक्शन काम कसे करते ते आधी पाहू.

आठी जाते म्हणजे काय होते?

बोटोक्स सुरकुती भरत नाही की पुसत नाही. ते हालचाल कमी करते. आपण रागावलो की भुवयांमधला स्नायू आकसतो आणि वरच्या त्वचेला घडी पडते. आकसण्याचा निरोप मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून पाठवतो. इंजेक्शनमधले बोट्युलिनम टॉक्सिन मज्जातंतूच्या टोकात शिरते आणि हे रसायन बाहेर सोडायला लागणारे एक प्रथिन कापून टाकते. निरोपच पोहोचत नाही. स्नायू सैलावतो, घडी पडत नाही.

म्हणून भुवयांमधल्या, कपाळावरच्या आणि हसताना डोळ्यांच्या कडेला उमटणाऱ्या रेषांवर त्याचा उत्तम परिणाम दिसतो. चेहरा शांत असतानाही दिसणारी खोल रेष मात्र थोडी फिकी होईल, इतकेच. बसलेल्या गालांसाठी फिलर असते, ती वेगळी गोष्ट. आणि चेन्नईच्या उन्हाने रापलेल्या त्वचेला बोटोक्सपेक्षा रोजच्या सनस्क्रीनची जास्त गरज आहे!

हे औषध मुळात सौंदर्यासाठी आलेच नव्हते. अमेरिकेत 1989 मध्ये त्याला तिरळेपणा आणि पापण्यांची उबळ यांवरील उपचारासाठी मान्यता मिळाली. त्याच सुमारास कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या लक्षात आले की पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाच्या कपाळावरच्या आठ्याही मावळतात. त्यांचे पती अ‍ॅलेस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी 1992 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला आणि 2002 मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत परवानगी मिळाली.

किती दिवस टिकते?

साधारण तीन ते चार महिने. परिणाम तीन-चार दिवसांनी जाणवू लागतो आणि पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात. पुढे मज्जातंतू ते प्रथिन पुन्हा तयार करतो, निरोप सुरू होतात, आठी परत येते. इंजेक्शन बंद केले म्हणून सुरकुत्या पूर्वीपेक्षा वाढत नाहीत.

आता हिशेब करा. जानेवारीअखेर लग्न असेल तर डिसेंबरच्या शेवटी इंजेक्शन घेणे बरे. सुईचा काळानिळा डाग पडला किंवा एक भुवई किंचित वर राहिली, तरी सुधारायला वेळ हाताशी राहतो. क्वचित पापणी खाली झुकते. ती काही आठवड्यांत आपोआप सावरते, पण लग्नाच्या फोटोंना तेवढा धीर नसतो.

तुम्ही भरतनाट्यम करत असाल तर मात्र सीझननंतरच विचार करा. नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात हालचाली सांगितल्या आहेत. त्यातला उत्क्षेप, म्हणजे भुवया वर उचलणे, कपाळाच्या स्नायूशिवाय होतच नाही आणि कपाळावरच्या आडव्या रेषांसाठी नेमका तोच सैल केला जातो. अभिनय ही तुमची साधना असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगा. डोस कमी करता येतो, कपाळ सोडून फक्त डोळ्यांच्या कडेला इंजेक्शन देता येते.

सुई कुणाच्या हातात?

2016 मध्ये चेन्नईत केशरोपणानंतर एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता. उपचार वेगळा होता, पण ‘ब्यूटीचेच तर काम आहे’ म्हणून कुठेही जाणे किती महागात पडते ते तेव्हा शहराने पाहिले. बोटोक्स पार्लरमध्ये घेऊ नका. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा. न उघडलेली बाटली समोर फोडायला सांगा, नाव आणि एक्स्पायरी बघा. ती 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते, त्यामुळे आपल्या उकाड्यात फ्रिजची चौकशी करण्यात लाजू नका. बोटोक्स हे एका ब्रँडचे नाव आहे आणि प्रत्येक ब्रँडचे युनिट वेगळे असते. म्हणून ‘तिथे कमी युनिटमध्ये झाले’ ही तुलना निरर्थक.

गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी हे टाळावे. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी किंवा एखादे अँटिबायोटिक चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. इंजेक्शननंतर त्या दिवशी फेशियल, मसाज नको. आणि गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, मग तो काही तासांनी होवो वा काही आठवड्यांनी, क्लिनिकच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.