श्वासातील वायू आणि कोळशातील वायू

पृथ्वीचे तापमान का वाढते, हा पाठ शिकविताना वर्गात एक शंका हमखास निघते. चुन्याच्या निवळीत नळीने श्वास सोडला की निवळी पांढरी होते. बरणीत मेणबत्ती जळून विझल्यावर तीत निवळी घालून हलविली, तरी तसेच होते. दोन्ही ठिकाणी वायू एकच, कार्बन डाय-ऑक्साइड. जुन्या क्रमिक पुस्तकांतील कर्बाम्ल वायू. मग दोष कोळशाला व खनिज तेलाला का, श्वासाला का नाही?

याचे उत्तर जमाखर्चाच्या दाखल्याने द्यावे. भाकरीतील कार्बन ज्वारीच्या ताटाने काही महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. श्वासावाटे तो हवेत परत जातो. जेवढे घेतले तेवढेच फेडले, म्हणून शिल्लक वाढत नाही. कोळशातील कार्बन मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी घेतलेला व भूगर्भात गाडला गेलेला असतो. तो जाळला की हवेच्या खात्यात नवी भर पडते. या भरीपैकी सुमारे निम्मी समुद्र व वनस्पती शोषून घेतात. उरलेली हवेत साठते.

मुंबईची उपनगरे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्यास वाफेची गाडी गेली, ती आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या मार्गाने. 1928 साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. तिला धूर नाही. परंतु आज महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग कोळशापासून होतो. शिवाय हा वायू रंगहीन आहे. म्हणून धूर दिसत नाही तेथे वायूही नाही, असा समज मुलांनी करून घेऊ नये.

यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर 10 लक्ष भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते. 1958 मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावर मोजणी आरंभिली, तेव्हा ते सुमारे 315 होते. आता ते 420 च्या वर गेले आहेत. प्रमाण अल्प दिसले, तरी भूपृष्ठावरून बाहेर जाणारी उष्णता हा वायू शोषून घेतो, हे जॉन टिंडल यांनी 1859 पासूनच्या प्रयोगांनी दाखविले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पृथ्वीचे सरासरी तापमान 1 अंश सेल्सियसहून अधिक वाढले आहे.

हवा 1 अंशाने तापली की तीत सुमारे 7 टक्के अधिक बाष्प मावते. त्यामुळे अतिवृष्टीचा संभव वाढतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदीला पूर आला आणि शेकडो माणसे दगावली. एका दिवसाच्या पावसाचे सारे खापर तापमानवाढीवर फोडणे शास्त्रीय नव्हे. नदीचे पात्र अरुंद झाले होते, हेही सांगावे.

शेवटी फळ्यावर ‘नवा कार्बन’ व ‘जुना कार्बन’ असे दोन रकाने आखावेत. सरपण, गॅसची शेगडी, विजेचा पंप, एस.टी. आणि प्रयोगातील मेणबत्ती कोणत्या रकान्यात बसते, हे मुलांनीच कारणासह ठरवावे. मेणबत्तीचे मेण बहुधा खनिज तेलापासून होते, एवढी सूचना पुरे.